नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

माझी भाची बंगळूरला नोकरी करते. दिवाळीनंतर ती दोन मैत्रिणींना घेऊन पुण्याला आली, तेव्हा तिच्या फोनमध्ये एक यादी होती. ‘पुण्यातल्या विचित्र गोष्टी’ असं तिचं शीर्षक. शनिवारवाडा, सिंहगड, आगाखान पॅलेस हे या मुलींना नको होतं. त्यांना पाहायचे होते खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, बटाट्या मारुती, भिकारदास मारुती, डुल्या मारुती. देवळाचा फलक गाठायचा, त्याखाली उभं राहून फोटो काढायचा, हसायचं, यादीतल्या नावापुढे खूण करायची आणि पुढच्या देवासाठी रिक्षाला हात करायचा. जेवायच्या वेळेपर्यंत त्यांचे सात देव झाले होते. पानावर बसताना भाची म्हणाली, “मावशी, तुम्ही पुणेकर देवांनासुद्धा सोडत नाही हं.”

ती हे प्रेमानंच म्हणाली, पण मला ते लागलं. तिनं ऐकलेलं तेच सांगितलं होतं. हेच वाक्य गेली कित्येक वर्षं मी पुरवण्यांमधल्या लेखांत वाचते आहे, सहलीच्या पत्रकांत पाहते आहे, लग्नकार्यात परगावच्या पाहुण्यांकडून ऐकते आहे. आता तर पुणेकरही ते कौतुकानं सांगायला लागले आहेत. देवांची ही नावं म्हणजे पुणेरी तिरकसपणाचा नमुना, या शहराला सगळ्यांची टर उडवायची खोड, त्यातून देवही सुटले नाहीत, असा तो समज आहे. तो साफ चुकीचा आहे, हे मला इथं मांडायचं आहे. तो निरुपद्रवीही नाही, हेही मांडायचं आहे.

मराठीत नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. पहिलं बारशाला होतं, दुसरं माणूस उठून गेल्यावर त्याच्या पाठीमागे होतं. पुण्यातल्या पेठांनी देवांची नावं ठेवली होती. आपण त्यांना नावं ठेवतो आहोत.

पासोड्या विठोबापासूनच सुरुवात करू, कारण तिथं मुली सगळ्यात जास्त हसल्या. पासोडी हा शब्द त्यांना माहीत नव्हता, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या घरी तिची जागा ब्लँकेटनं कधीच घेतली. पासोडी म्हणजे जाड सुती कापडाचे पदर एकमेकांवर ठेवून शिवलेलं पांघरूण. गरिबाचं, शेतकऱ्याचं, प्रवाशाचं, रात्री देवळाच्या ओवरीत पडून राहणाऱ्याचं. आंबेजोगाईला दासोपंतांची पासोडी आजही जपून ठेवलेली आहे. सोळाव्या शतकातल्या त्या संतकवीनं ‘पंचीकरण’ हे आपलं तत्त्वज्ञान भल्या लांब पासोडीवर लिहून काढलं. मराठी माणसानं वेदान्त लिहायला घेतला तो अंगावर घ्यायच्या कापडावर. बुधवार पेठेतल्या विठोबाजवळ या पासोड्यांचा बाजार भरत असे, म्हणून तो पासोड्या विठोबा. यात टर कुठं आहे? थंडीच्या दिवसांत खेड्यातून पुण्यात आलेला माणूस विचारत असेल, पासोड्या कुठं मिळतात? आणि कोणी तरी सांगत असेल, त्या विठोबापाशी. असं विचारता विचारता आणि सांगता सांगता विठोबाला नाव मिळालं. घराला क्रमांक नव्हते, रस्त्यांना पाट्या नव्हत्या, आणि पुण्यात विठोबा-मारुती तर पावलोपावली होते. कोणता विठोबा, कोणता मारुती, हे सांगायला खूण लागत होती. ती खूण रोजच्या कामधंद्यातून आली. बाजार उठला, पासोडी विणणारे आणि शिवणारे हात गेले, गिऱ्हाईक गेलं. राहिलं ते एवढं एक नाव.

आता ‘पासोड्या’तल्या त्या शेवटच्या ‘या’कडे पाहा, कारण हसू येतं ते त्याच्यामुळे. पासोड्या, जिलब्या, बटाट्या, पत्र्या. गणेशचा गण्या करणारा आणि बाळचा बाळ्या करणारा हाच ‘या’. चष्मा लावणाऱ्या वर्गमित्राला चष्म्या म्हणणाराही हाच. परक्या माणसाला आपण कधी चष्म्या म्हणत नाही. ज्याच्या डब्यातलं खाल्लं आहे, ज्याच्याशी भांडून पुन्हा बोललो आहोत, त्यालाच म्हणतो. ज्या भाषेत देवाला ‘बा’ म्हणजे बाप म्हणायची रीत आहे, विठोबा, खंडोबा, म्हसोबा ही जिथं देवाची नावं आहेत, तिथं हा ‘या’ म्हणजे नातं आणखी एक पायरी जवळ आणणं आहे. बापाला लाडानं हाक मारावी तसं.

भिकारदास मारुतीची गोष्ट तर अज्ञानाचा कळस आहे. यादीत त्याच्यापुढे लिहिलं होतं, ‘भिकाऱ्यांचा मारुती’. खरं तर हा मारुती ज्याच्या जागेत होता तो भिकारदास नावाचा गुजराती सावकार होता, चांगला पैसेवाला. मग त्याचं नाव भिकारदास का? मूल जगत नसेल, एकामागून एक जात असतील, तर पुढच्याचं नाव मुद्दाम हलकं ठेवायचं, म्हणजे त्याच्यावर कोणाची दृष्ट पडणार नाही, ही रीत गुजरातेत होती आणि आपल्याकडेही होती. धोंडू, दगडू, केरू ही नावं तिथूनच आली. ज्या हलवायाच्या गणपतीसमोर आज सगळा देश रांग लावतो त्याचं नावसुद्धा दगडूच होतं. अशा नावामागे बाळाला पदराखाली झाकून धरलेली एक भ्यालेली बाई असते. तिनं देवाला सांगितलेलं असतं की हे फार मोलाचं नाही, हे मला राहू दे. त्या नावावर यादी करणाऱ्यानं ‘भिकाऱ्यांचा’ असं लिहिलं आणि तीन मुली त्याखाली हसत उभ्या राहिल्या. मला मुलींचा राग आला नाही. यादी करणाऱ्याचा आला. एक माणूस गाठून एक प्रश्न विचारला असता तर त्याला हे कळलं असतं.

बटाट्या मारुतीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मला तो फार मोलाचा वाटतो. शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात तो आहे. आज तिथं सभा होतात, पर्यटकांच्या बसगाड्या थांबतात. पण एकोणिसाव्या शतकात, मंडई बांधली जाण्याआधी, पुण्याचा भाजीबाजार याच उघड्या पटांगणात भरत असे. पेशवाई १८१८ साली बुडाली, वाडा १८२८च्या आगीत जळाला, आणि जिथून साम्राज्य चाललं त्या दरवाजासमोर भाजीवाल्या बायका पाट्या मांडून बसल्या. मला तरी पुण्याच्या इतिहासात याहून मोठं चित्र दुसरं दिसत नाही. ते चित्र कोणी रंगवलेलं नाही. त्याचा साक्षीदार तो मारुती आणि त्याचं नाव.

आणि त्या नावातला बटाटा! उत्तरेत आलू, आपल्याकडे बटाटा. हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला, त्यांच्याकडे तो अमेरिका खंडाकडून आला. समुद्रापलीकडची ती भाजी गोवा-वसईच्या वाटेनं आपल्यात आली, घाट चढली, उपासाला चालणारी ठरली, आणि शेवटी एका मारुतीच्या नावात जाऊन बसली. परक्या गोष्टी या समाजानं कशा पचवल्या यावर विद्वान ग्रंथ लिहितात. पुण्याच्या बाजारकऱ्यांनी ते सगळं दोन शब्दांत सांगून ठेवलं.

पुढे १८८६ साली दगडी मंडई बांधून झाली आणि बाजार तिकडे गेला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव तिला दिलं गेलं. या इमारतीवर पैसा घालायला जोतीराव फुले यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. तो पैसा मुलांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते ऐकलं गेलं नाही. नंतर आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. भाचीच्या यादीत मंडई होती, ‘अष्टकोनी मनोऱ्याची मजेदार इमारत, फोटोसाठी उत्तम’ अशी. तिचा फोटो आला, पण तिच्यावरून झालेला वाद, आणि ज्यानं विरोध केला त्याचंच नाव तिच्या कपाळी का आलं हा प्रश्न, यांपैकी काहीच फोटोत आलं नाही.

इथपर्यंत मी यादीवाल्यांशी बोलत होते. पण या वादात दुसरीही एक बाजू आहे आणि ती मला जास्त काळजीची वाटते. ही नावं देवाचा अपमान करणारी आहेत, ती बदलून ‘श्री विठ्ठल मंदिर’, ‘श्री हनुमान मंदिर’ अशी शुद्ध नावं लावावीत, असं म्हणणारे सज्जन मला भेटले आहेत. त्यांची भक्ती खोटी नाही. पण त्यांनी मागे वळून पाहावं. आपला विठ्ठल जनाबाईबरोबर जात्यावर बसतो, चोखोबाबरोबर मेलेली ढोरं ओढतो, सावता माळ्याला तो मळ्यातल्या भाजीत दिसतो. संतांनी ज्याला भाजीत पाहिलं त्याला बाजारकऱ्यांनी पासोडीत पाहिलं तर बिघडलं कुठं? ‘श्री हनुमान मंदिर’ असा फलक लावला की तो मारुती देशातल्या लाखो हनुमानांपैकी एक होतो. त्याच्या पायाशी कोण बसलं, काय विकलं, त्यांना ऊन लागलं की त्यांनी कोणाच्या भिंतीची सावली घेतली, हे सगळं रंगाच्या एका हातात पुसलं जातं. हसणारा निदान नाव जिवंत ठेवतो. शुद्ध करणारा ते मारून टाकतो.

तिसरा आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकांचा आहे, आणि तो मी मान खाली घालून ऐकते, कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणतात, या नावांच्या बहुतेक हकीकती म्हणजे ऐकीव गोष्टी; कागद दाखवा. बरोबर आहे. जिलब्या मारुतीला कोण्या हलवायानं जिलब्यांची माळ घातली, याला कागद नाही. गणेश पेठेतला डुल्या मारुती पानिपतच्या वेळी डोलला, यालाही नाही, आणि असणारही नाही. पण मला विचारायचं आहे की मग ही गोष्ट कशाचा पुरावा आहे? १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर जे झालं त्याची बातमी या शहरात घराघरात पोहोचली तेव्हा रडलं नाही असं घर क्वचितच असेल. मुठेवर लाकडी पूल बांधला गेला तोही त्याच साली. आजचा पूल लाकडाचा नाही, त्याला सरकारी नाव वेगळं आहे, पण लोक लकडी पूलच म्हणतात. परत येणाऱ्या सैनिकांना लोकांच्या नजरा चुकवून गावात शिरता यावं म्हणून तो घाईनं बांधला, असं सांगतात. हेही ‘सांगतात’च. पण एका शहरानं आपलं दुःख कुठं कुठं नेऊन ठेवलं ते पाहा: एका पुलात आणि एका मारुतीच्या डोलण्यात. कागदावर मेलेल्यांची मोजदाद सापडेल. उरलेल्यांनी ते कसं सोसलं हे या गोष्टींतच सापडतं. त्या खऱ्या म्हणून सांगू नयेत, ‘सांगतात’ म्हणूनच सांगाव्यात, एवढं पथ्य मात्र पाळायला हवं. अभ्यासकांचा आक्षेप मी इथपर्यंत मान्य करते, यापुढे नाही.

खुन्या मुरलीधरात तर दोन काळ एकमेकांवर आले आहेत. सदाशिव पेठेतलं हे देऊळ दादा गद्रे या सावकाराचं, अठराव्या शतकाच्या अखेरीचं. १७९७ साली, मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी, गद्र्यांचे अरब पहारेकरी आणि कवायती पलटणीचे शिपाई यांच्यात चकमक झाली, देवाच्या दारात माणसं पडली आणि कृष्णाला हे नाव चिकटलं. पुढे शंभर वर्षांनी, १८९९च्या फेब्रुवारीत, प्लेग अधिकारी रँडला मारणाऱ्या चाफेकरांची माहिती सरकारला देणाऱ्या द्रविड बंधूंना याच परिसरात गोळ्या घातल्या गेल्या. त्यामुळे नाव त्यावरून पडलं असंही काही जण म्हणतात. सवाई माधवरावाच्या मृत्यूनंतरची बेबंदशाही, सावकार, भाडोत्री पलटणी, आणि मग प्लेग, रँड, चाफेकर, फितुरी. पुण्याची सगळ्यात रक्ताळलेली दोन दशकं एका बासरीवाल्या देवाच्या नावापाशी येऊन थांबतात. त्या देवाला ‘मर्डरर कृष्णा’ असं भाषांतरून पाहुण्यांना हसवणं मला सहन होत नाही.

पुणेरी पाट्यांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. त्या आता कपांवर आणि टी-शर्टांवर छापून विकल्या जातात, त्यातल्या बऱ्याच कोणत्याही दारावर कधी लागलेल्या नव्हत्या. नावांचं तसं होऊ नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

यादी फक्त नावांपाशी थांबत नाही, वस्तूंनाही तोच शेंदूर फासते. सोमवार पेठेत, नागझरीच्या काठी त्रिशुंड गणपतीचं काळ्या दगडाचं देऊळ आहे. भीमगिरजी गोसाव्यानं ते १७५४ साली बांधायला घेतलं. यादीत लिहिलं होतं, ‘तीन सोंडांचा मोरावर बसलेला गणपती’. ते आहेच. मूर्ती सुंदर आहे, आणि मुली ती पाहून आल्या. पण दर्शनी भिंतीवर एक शिल्प आहे त्याकडे त्यांनी पाहिलं नाही, कारण यादीत ते नव्हतं. युरोपीय पोशाखातले बंदूकधारी शिपाई एका गेंड्याला साखळदंडानं बांधत आहेत. पुण्याच्या देवळावर गेंडा कशाला? इथल्या रानात तो नाही. तो पूर्वेकडचा प्राणी, बंगाल-आसामचा. १७५७ला प्लासी झाली, बंगाल इंग्रजांच्या मुठीत गेला. हे शिल्प त्याच घटनेचं असावं, असं अभ्यासक मानतात. देशभर फिरणारे, व्यापार करणारे, बातम्या वाहून आणणारे हे गोसावी. त्यांनी पाहिलेलं दगडात कोरून ठेवलं. म्हणजे पुण्यात पेशव्यांची सत्ता भरात असताना, एका ओढ्याच्या काठी कोणी तरी दगडावर लिहून ठेवलं होतं की हे लोक काय करतात ते बघा. त्याच भिंतींवर संस्कृत लेख आहेत आणि फारसी लेखही आहे. ज्याला जी लिपी येईल त्यानं त्यात वाचावं. पुढे साठ वर्षांत साखळदंड इथंही पोहोचला. ‘तीन सोंडा’ म्हणून टाकलं की माणूस सोंडा मोजतो आणि परत जातो.

राजा केळकर संग्रहालयाचंही तेच. ‘अडकित्ते, कुलपं आणि दिवे यांचं अजब संग्रहालय’. दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्याच्या दुकानाच्या घरातले, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारे. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी आयुष्यभर वस्तू गोळा केल्या, हजारोंच्या संख्येनं, खेडोपाडी फिरून, आणि तो सगळा संग्रह १९७५ साली महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. राजांच्या तलवारी जमवणारे पुष्कळ झाले. केळकरांनी आज्यांच्या हातातल्या वज्र्या जमवल्या, स्वयंपाकघरातली भांडी, पानदानं, देवघरातले दिवे. पोराविना रिकाम्या झालेल्या घरात एका बापानं दुसऱ्यांच्या घरातलं सगळं आणून ठेवलं. त्याला अजब म्हणताना शब्द घशात अडकायला हवा.

हा समज निरुपद्रवी नाही असं मी वर म्हटलं, त्याचं कारण आता सांगते. ‘विचित्र’ म्हणून जे फोटोत बसतं तेवढंच शहराला राखावंसं वाटतं. जे हसवत नाही ते निघून जातं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी बांधीव नळातून पुण्यात आणलं. पंप नाही, यंत्र नाही. नुसत्या उताराच्या जोरावर पाणी मैलोन्‌मैल चालत आलं आणि पेठापेठांतल्या हौदांत पडलं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले, नळातली हवा निघावी म्हणून. उच्छ्वास! नळाला श्वास असतो हे ओळखून दिलेला तो शब्द. रस्ते रुंद होत गेले तसे यातले कित्येक गेले. त्यांच्यासाठी कोणी हळहळलं नाही, कारण त्यांना चमत्कारिक नावं नव्हती, ते कोणाच्या यादीत नव्हते. हौदही बुजले, मागे राहिले ते पत्ते: फडके हौद, साततोटी, पंचहौद. सात तोट्यांचा हौद ज्यानं पाहिला असा माणूस आता भेटत नाही, चौकी मात्र साततोटीचीच.

पुण्यात हौद म्हणजे निव्वळ पाणी कधीच नव्हतं. कोणी भरायचं आणि कोणी लांब उभं राहायचं, हे तिथं ठरत होतं. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी गावाच्या मर्मावर बोट ठेवलं होतं. पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. पेयाच्या एका घोटावरून हे शहर किती पेटू शकत होतं ते त्यावरून कळतं.

भाचीच्या यादीत एक हौद होता. ‘बाहुलीचा हौद, बाहुलीच्या नावाचा गोंडस हौद’. रिक्षा पुढे गेली म्हणून तो त्यांचा राहून गेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैत्रिणी खरेदीला गेल्या आणि मी एकट्या भाचीला घेऊन फरासखान्याजवळ गेले. चालत, कारण रिक्षातून ते दिसत नाही. वाटेत मी तिला डॉक्टर विश्राम रामजी घोले यांच्याबद्दल सांगितलं. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावरून ती आदल्या दिवशी दोनदा गेली होती ते हे घोले. मोठे शस्त्रवैद्य, सत्यशोधक समाजातले, फुल्यांचे सहकारी; फुल्यांना पक्षाघात झाला तेव्हा उपचार करणारे. त्यांनी आपल्या मुलीला शिकवायला घेतलं. लाडानं ते तिला बाहुली म्हणत. मुलीनं शिकणं नात्यातल्या आणि जातीतल्या लोकांना खपलं नाही. डॉक्टरांना परोपरीनं सांगून झालं, धमकावून झालं, ते ऐकेनात. मग, असं सांगतात, कोणी तरी त्या मुलीला काचा कुटून घातलेला लाडू खायला दिला. आठ-नऊ वर्षांची पोर गेली. डॉक्टरांनी तिच्या आठवणीसाठी हौद बांधला आणि तो सगळ्या जातींना खुला ठेवला. ज्यांनी तिला अक्षर भेटू दिलं नाही त्यांच्याच गावात, त्यांच्याच डोळ्यांसमोर, ज्यांना पाणी मिळत नव्हतं ते तिच्या नावानं पाणी भरू लागले.

लाडवाची गोष्ट ‘सांगतात’ म्हणूनच मी सांगितली, आणि तसं तिला बजावलंही. हौद खरा आहे, बाप खरा आहे, मुलगी खरी आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती; खरेदीच्या पिशव्या, हॉर्न, गाड्यांचा धूर. भाचीनं फोन बाहेर काढला आणि तो न उघडता तसाच हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, “मावशी, बाहुली घरातलं झालं. तिचं ठेवलेलं नाव काय होतं?”

“काशी,” मी म्हटलं. “काशीबाई.”

तिनं ते नाव हळूच एकदा म्हणून पाहिलं. मागून एका बाईनं वाट मागितली, आम्ही बाजूला झालो, आणि ती बाई हौदाला वळसा घालून पुढे निघून गेली.